गलगंड पुन्हा का येतो?

गलगंडावर शस्त्रक्रिया झाली, व्रण भरला, म्हणजे विषय मिटला, अशी आपल्या घरांतून समजूत असते. तो तसा मिटत नाही, हे वैद्यकशास्त्राला उमगले स्वित्झर्लंडमधील बर्न येथे. आणि त्याची किंमत रुग्णांनी मोजली.

आल्प्सच्या दऱ्यांत गलगंड घरोघरी दिसे. थिओडोर कोखर १८७२ मध्ये बर्नला शल्यक्रियेचे प्राध्यापक झाले. हात विलक्षण सावध. गाठ पुन्हा वाढू नये म्हणून ते कित्येक रुग्णांची सबंध अवटु ग्रंथी, म्हणजे थायरॉईड, काढून टाकीत. १८८२ मध्ये जिनीव्हाच्या रेव्हर्दँ यांनी आपल्या अशा रुग्णांची दशा त्यांच्या कानावर घातली. कोखरांनी जुने रुग्ण परत बोलावले. सबंध ग्रंथी काढलेले जे १८ जण तपासले, त्यांतील १६ जण सुजलेले, मंद, थंडीने गारठलेले आढळले. कोवळ्या वयाच्यांची वाढ खुंटली होती. १८८३ मध्ये बर्लिनच्या सभेत हे त्यांनी स्वतःच मांडले. आपल्याच यशाची अशी फेरतपासणी करणारे अधिकारी मी शासकीय सेवेत फार थोडे पाहिले.

पेच असा, की सारी ग्रंथी काढावी तर माणूस खचतो, थोडी ठेवावी तर गाठ परतण्याचे भय. त्याची एक बाजू १८९१ मध्ये सुटली. इंग्लंडात जॉर्ज मरे यांनी मेंढीच्या ग्रंथीचा अर्क टोचून, ग्रंथी निकामी झालेली एक स्त्री सावरली. ती पुढे अठ्ठावीस वर्षे जगली. १९१४ मध्ये अमेरिकेत केंडल यांनी थायरॉक्सिन वेगळे केले. आज सबंध ग्रंथी काढलेला रुग्ण रोजच्या एका गोळीवर नीट जगतो. ग्रंथीचा भाग राखलेल्यांनाही गाठ दबावी म्हणून पूर्वी ही गोळी देत. मात्र आयोडीन पुरेसे मिळणाऱ्या प्रदेशांत तिचा विशेष लाभ दिसत नाही आणि जादा मात्रा हृदयाला व हाडांना बाधते. म्हणून आता ती सरसकट देत नाहीत.

दुसरी बाजू आयोडीनची. अन्नपाण्यातील त्याची उणीव तशीच राहिली, तर उरलेली ग्रंथी फुगू लागते. १९२२ मध्ये आपेनझेल आउसररोडन या स्विस प्रांतात आयोडीनयुक्त मीठ आले, ते हेरिसाउचे शल्यविशारद एगेनबेर्गर यांच्या खटपटीने. चाकू चालवणारानेच मिठाचा आग्रह धरावा, हे मला फार बोलके वाटते.

आपल्याकडे कांगडा खोऱ्यात रामलिंगस्वामी प्रभृतींनी १९५६ पासून हाच प्रयोग केला. १९६२ मध्ये राष्ट्रीय कार्यक्रम आला. साध्या खाण्याच्या मिठावरील बंदी केंद्राने २००० मध्ये उठवली आणि मे २००६ पासून पुन्हा लावली. मात्र दमट जागी, उघड्या बरणीत ठेवलेल्या मिठातील आयोडीन हळूहळू घटते. तेव्हा झाकण घट्ट असावे.