शहापूर-मुरबाडचीं शिंबावंत रानफुलें

एखाद्या प्रांताचा इतिहास लिहावयाचा म्हणजे राजांच्या वंशावळी, किल्ल्यांचे वेढे, दानपत्रें आणि शिलालेख यांची जुळणी करावयाची, असा आपल्याकडे संकेतच पडून गेला आहे. त्या दृष्टीनें पाहिलें तरी ठाणें जिल्ह्यांतील शहापूर व मुरबाड हे तालुके दरिद्री ठरत नाहींत. शहापुराजवळ माहुलीचा किल्ला आहे, आणि मुरबाडकडून चढून जावें तों नाणेघाटाच्या लेण्यांत सातवाहनांची राणी नागनिका हिचा प्रसिद्ध लेख भिंतीवर कोरलेला आढळतो. परंतु ज्या घाटवाटांनीं व्यापाऱ्यांचे तांडे गेले, त्यांच्याच उतारांवर दरवर्षीं भाद्रपदांत जीं इवलालीं पिवळीं-जांभळीं फुलें उमलतात, त्यांनाही एक इतिहास आहे. त्यांना नांवें कोणीं दिलीं, तीं नांवें पुस्तकांत कशीं चढलीं, आणि तीं सांगणारे लोक पुस्तकाबाहेर कसे राहिले, हा तो इतिहास. प्रस्तुत लेखांत त्यांतील एकाच कुलाचा, म्हणजे शिंबावंत कुलाचा, विचार करावयाचा आहे.

शिंबा म्हणजे शेंग. ज्या वनस्पतींस शेंग धरते त्यांचें हें कुल. जगांत त्याच्या सुमारें २०,००० जाति असून, सपुष्प वनस्पतींत सूर्यफुलाचें व आमरांचें अशीं दोनच कुलें त्याहून मोठीं आहेत. आपटा, बहावा, खैर व बाभूळ हीं झाडें याच कुलांतलीं. परंतु त्यांच्या फुलांची ठेवण निराळी. आपल्याला येथें विशेषेंकरून पाहावयाचीं आहेत तीं वाटाण्याच्या फुलाच्या वळणाचीं, पतंगासारख्या आकाराचीं फुलें. त्यांत पाकळ्या पांच. वरची रुंद पाकळी ध्वजासारखी उभारलेली, बाजूच्या दोन पंखांसारख्या, आणि खालच्या दोन एकमेकींस चिकटून होडीसारख्या झालेल्या. होडीच्या पोटांत दहा पुंकेसर दडलेले असतात. वाटाण्यांत त्यांपैकीं नऊ जोडलेले व दहावा सुटा. खुळखुळ्यांत दहाही एकत्र जोडलेले. आणि कवळ्यांत पांच-पांचांचे दोन जुडगे. वनस्पतिशास्त्र असल्या सूक्ष्म भेदांवरून आपलीं घराणीं ठरवितें.

या मुलुखांत या घराण्याचा पसारा मोठा आहे. फाल्गुनांत पळस व पांगारा पेटल्यासारखे दिसतात ते याच घराण्याचे. कुंपणावरची निळी गोकर्ण, अंगाला लागली असतां आग करणारी खाजकुइली, सोनाराच्या तराजूंत बसलेली गुंज हीं सर्व एकमेकांचीं नातलग. पावसाळ्यांतल्या कवळ्याचें तर येथें राज्यच असतें. त्याचीं कोंवळीं पानें आषाढ-श्रावणांत भाजी म्हणून खाल्लीं जातात, आणि ठाकूर व कातकरी स्त्रिया त्याच्या जुड्या बाजारांत आणून विकतात. त्याच्या एका जातीचीं पानें बोट लावतांच लाजाळूप्रमाणें मिटतात. दुसरीच्या पिवळ्या ध्वजावर दोन तांबडे ठिपके असतात, आणि तिसरीचें फूल जांभळें असून त्यावर पांढरे ठिपके दिसतात.

आपल्या पूर्वजांस या कुलाची ओळख चांगली होती, याविषयीं शंका नको. दशमुळांतील सालवण व पिठवण या दोन्ही याच कुलांतल्या. ९६ गुंजा म्हणजे एक तोळा, हें कोष्टक पिढ्यान् पिढ्या पाठ केलें गेलें. खाजकुइलीचें बीं वैद्यांच्या बटव्यांत फार जुनें आहे. मद्रासेस दामोदरन् व रामस्वामी या संशोधकांनीं १९३७ मध्यें त्याच बियांतून जें द्रव्य वेगळें काढलें, तें पुढें कंपवातावरील मुख्य औषध ठरलें. परंतु वैद्यकाची दृष्टि उपयोगापुरती असते. जें झाड औषधाला, तुलेला किंवा पूजेला लागत नाहीं तें ग्रंथांत येत नाहीं. कातळावर वीतभर उंच वाढणाऱ्या कवळ्याच्या जातींकडे कोणा निघंटुकारानें लक्ष दिलें नाहीं, तें यामुळेंच.

आपल्या किनाऱ्यावरील वनस्पतींचा पहिला थोर छापील ग्रंथ डच लोकांनीं केला. कोचीनचा गव्हर्नर व्हान ऱ्हीड यानें सिद्ध केलेला 'हॉर्टस मलबारिकस' १६७८ ते १६९३ या काळांत बारा खंडांत प्रसिद्ध झाला. त्यांतील एक गोष्ट आपल्या वाचकांनीं मुद्दाम ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. ग्रंथाच्या आरंभीं रंगभट, विनायक पंडित व अप्पूभट या तीन कोंकणी ब्राह्मण वैद्यांचें प्रशस्तिपत्र नागरी लिपींत जसेंच्या तसें छापलेलें असून, इट्टी अच्युतन् या मलयाळी वैद्याचेंही त्याच्या लिपींत दिलेलें आहे. माहिती कोणी दिली, हें लेखकानें लपविलें नाहीं. उलट तें ग्रंथाच्या प्रामाण्याचें गमक म्हणून त्यानें पुढें मांडलें.

इंग्रजी अमदानींत मुंबई इलाख्याच्या वनस्पतिशास्त्राचा पाया घातला तो मात्र फावल्या वेळांत झाडें गोळा करणाऱ्या सरकारी नोकरांनीं. मुंबईच्या टपाल खात्यांतील जॉन ग्रॅहॅम यानें मुंबई व तिच्या आसपासच्या वनस्पतींची यादी केली. ती छापून पुरी होण्यापूर्वींच तो १८३९ मध्यें खंडाळ्यास वारला, आणि निम्मो यानें ती तडीस नेली. अलेक्झांडर गिब्सन हा शस्त्रवैद्य. तो दापोडीच्या सरकारी बागेचा अधीक्षक होता व १८४७ मध्यें इलाख्याचा पहिला वनसंरक्षक झाला. त्यानें व त्याच्या मागून त्याच पदावर आलेल्या डालझेल यानें मिळून १८६१ मध्यें 'बॉम्बे फ्लोरा' हा ग्रंथ काढला. थिओडोर कुक हा रेल्वेचा इंजिनिअर. वसईच्या खाडीवरील लोखंडी पुलाच्या कामावर तो होता. पुढें पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयाचा प्राचार्य झाला, आणि १९०१ पासून त्यानें आपला प्रचंड ग्रंथ भागाभागानें प्रसिद्ध केला. महाराष्ट्रांतल्या कोणत्याही फुलाचा निर्णय करतांना आजही त्याचीं पानें उलटावीं लागतात. १८६५ मध्यें कसाऱ्यापासून इगतपुरीपर्यंत आगगाडी घाट चढूं लागली, आणि शहापूरचें रान मुंबई-पुण्याच्या अभ्यासकास एका दिवसाच्या टापूंत आलें.

या मंडळींनीं आपलीं नांवें फुलांत पेरून ठेविलीं. कवळ्याचें शास्त्रीय नांव स्मिथिया. लंडनच्या लिनियन सोसायटीचा संस्थापक जेम्स एडवर्ड स्मिथ याच्या सन्मानार्थ तें दिलेलें आहे. या स्मिथनें सह्याद्रि कधीं पाहिला नाहीं. कवळ्याच्या कांहीं जातींचें पहिलें वर्णन डालझेलनें केलें. पुढें निळीच्या एका रानटी जातीस कुकनें डालझेलचें नांव दिलें. असे हे परस्परांचे ऋणानुबंध. स्वीडिश पंडित लिनियस यानें खुळखुळ्याच्या वर्गास जें नांव दिलें तें मात्र पाहण्याजोगें आहे. क्रोटालेरिया हा शब्द ज्या ग्रीक शब्दापासून आला, त्याचा अर्थ हातांत धरून वाजवावयाच्या चिपळ्या असा आहे. वाळलेली शेंग हलविली म्हणजे आंतल्या बिया खुळखुळतात. तोच नाद ऐकून आपल्या लोकांनींही त्याला खुळखुळा म्हटलें. दोन दूरच्या देशांच्या कानांनीं एकच साक्ष दिली.

आतां येथें न्यायानें बोललें पाहिजे. या परदेशी नामकर्त्यांनीं काम खोटें केलें असें मुळींच नाहीं. देशी नांवें गोड असलीं तरी शास्त्रास तीं पुरी पडत नाहींत. खुळखुळा हें एक नांव अनेक जातींस लागतें. ताग या नांवाची गोष्ट त्याहून बोलकी आहे. खुळखुळ्याच्याच कुलांतली, वाखासाठीं व हिरव्या खतासाठीं पेरली जाणारी वनस्पति ती मूळची ताग; परंतु बंगाली गोणपाटाचा धागा आपल्या बाजारांत आला, आणि आपल्या शालेय भूगोलांत तेंच नांव त्या अगदीं निराळ्या झाडास मिळून गेलें. असा घोटाळा टाळण्यास लॅटिन नांव हवेंच. शिवाय डालझेल व कुक यांच्या ग्रंथांत पुष्कळ ठिकाणीं मराठी नांवेंही टिपलेलीं आहेत. माझें म्हणणें एवढेंच कीं, नांवें टिपलीं गेलीं, पण सांगणारा टिपला गेला नाहीं. ऱ्हीडच्या ग्रंथांतल्यासारखें प्रशस्तिपत्र या ग्रंथांच्या आरंभीं नाहीं. गिब्सननें दापोडीच्या बागेंत एका हिंदी-पोर्तुगीज चित्रकाराकडून वनस्पतींचीं दीडशेंहून अधिक सुंदर चित्रें काढवून घेतलीं. तीं आज एडिंबरोच्या वनस्पति-उद्यानांत जपून ठेविलेलीं आहेत. परंतु त्या चित्रकाराचें नांव कोणास ठाऊक नाहीं.

हें विस्मरण केवळ शिष्टाचाराचा प्रश्न असतें तर त्यासाठीं एवढी शाई खर्चण्याचें कारण नव्हतें. परंतु ज्या खात्यानें झाडें ओळखलीं त्याच खात्यानें रानें बंद केलीं, हा या इतिहासाचा कठीण भाग आहे. १८६५ व १८७८ च्या जंगल कायद्यांनीं राखीव रानाची हद्द ठरली. ठाणें जिल्ह्यांतील भातशेती राबावर चाले. झाडांच्या डहाळ्या, पाला, गवत व शेण भाताच्या रोपवाटिकेच्या जागेवर पसरून पावसाळ्यापूर्वीं जाळावयाचें, म्हणजे तणाचें बीं मरतें व जमिनीस राख मिळते. डहाळ्या तोडण्यावर निर्बंध आले तेव्हां रयतेंत इतका असंतोष माजला कीं, ठाणें व कुलाबा जिल्ह्यांतील गाऱ्हाण्यांचा विचार करण्यासाठीं सरकारास १८८५ मध्यें एक मंडळ नेमावें लागलें. त्याचा अहवाल १८८७ मध्यें बाहेर पडला.

योगायोग असा कीं, त्याच सुमारास, म्हणजे १८८६ मध्यें, बर्लिन येथें हेलरीगेल या जर्मन शास्त्रज्ञानें असें जाहीर केलें कीं, शेंगांच्या कुलांतील वनस्पति आपल्या मुळांवरील गांठींच्या द्वारें हवेंतला नत्रवायु घेऊं शकतात. त्या गांठींत सूक्ष्म जंतु राहतात व हवेंतील नत्र झाडास पचेल अशा रूपांत आणून देतात. १८८८ मध्यें त्यानें व विल्फार्थ यानें याचें सविस्तर प्रतिपादन केलें. राबाच्या राखेंत पालाश व स्फुरद हीं द्रव्यें राहतात. नत्र मात्र बहुतेक धुरावाटें निघून जातो. तो भरून काढण्याची निसर्गाची एक मोठी सोय म्हणजे बांधावरचीं व वरकस जमिनींतलीं हींच शेंगवर्गी झाडें. नाचणी-वरीच्या वरकस जमिनींत आपला शेतकरी पाळीपाळीनें उडीदही पेरीत आला, आणि भात कापल्यावर त्याच खाचरांत वाल टाकीत आला. त्याचें रसायनशास्त्र त्यास माहीत नव्हतें. तें १८८६ पूर्वीं युरोपासही नीटसें माहीत नव्हतें. राबाविषयीं मुंबई सरकार व रयत यांचा वाद चालला असतां, त्या वादाच्या अर्ध्या भागाचें उत्तर पायाखालच्या मुळांत होतें.

पुढें या अभ्यासांत आपली माणसें आलीं. ठाण्यास सिव्हिल सर्जन असलेले डॉ. कान्होबा रणछोडदास कीर्तिकर यांचा औषधी वनस्पतींवरील मोठा ग्रंथ, मेजर बसू यांच्या सहकार्यानें सिद्ध झालेला, त्यांच्या मृत्यूनंतर १९१८ मध्यें बाहेर आला. मालवणचे शंकर पुरुषोत्तम आघारकर यांनीं १९४६ मध्यें पुण्यास महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी उभारण्यांत पुढाकार घेतला. कवळ्याच्या एका सह्याद्रिवासी जातीस आतां त्यांचें नांव आहे. स्पेनमधून आलेले फादर सांतापाव यांनीं खंडाळ्याच्या वनस्पतींवरील आपला ग्रंथ १९५३ मध्यें प्रसिद्ध केला. रानमुगाच्या एका मोठ्या जातीच्या नांवांत त्यांनीं खंडाळ्याचें नांव गोंविलें. माणसाऐवजीं स्थळाचें नांव देण्याची ही रीत मला अधिक आवडते.

आज हा विषय पुराणवस्तूंचा राहिलेला नाहीं. आपल्या ताटांतल्या उडदाचा रानटी भाऊबंद पश्चिम घाटाच्या टापूंत अद्याप उगवतो. तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रांतील शास्त्रज्ञांनीं लागवडीच्या उडदाशीं त्याचा संकर करून, साठवणींतल्या कडधान्यास पोखरणाऱ्या भुंगेऱ्यास दाद न देण्याचा त्याचा गुण तपासला आहे. उद्यांच्या डाळीचें संरक्षण अशा प्रकारें आजच्या तणांत दडलेलें असतें. आणि तें तण जेथें उगवतें ती जमीन झपाट्यानें रूप पालटीत आहे. समृद्धि महामार्गाचा शेवटचा टप्पा २०२५ मध्यें खुला झाला, तो शहापूर तालुक्यांतूनच गेला आहे. डोंगरउतार सपाट करून विश्रामगृहें उठत आहेत. परदेशांतून आणलेलें गिरिपुष्प ठिकठिकाणीं लावलेलें आहे, तेंही शेंगवर्गीच, परंतु येथलें नव्हे. कवळा एका पावसाळ्याचा धनी. त्याचें बीं कातळावरच्या बोटभर मातींत पुढच्या ज्येष्ठाची वाट पाहत असतें. ती माती एकदां यंत्रानें खरवडून नेली म्हणजे तेथें पुन्हां लावावयास वंशच उरत नाहीं.

उपाय अगदींच हातांत नाहींत असें नव्हे. २००२ च्या जैवविविधता कायद्याप्रमाणें गांवोगांव लोकांची जैवविविधता नोंदवही ठेवावयाची आहे. २००६ च्या वनहक्क कायद्यानें रानांत राहणाऱ्यांचा रानावरील हक्क मान्य केला आहे. या दोन्हींचा मेळ घालून शहापूर-मुरबाडच्या वाड्यांवाड्यांतून शिंबावंत कुलाची नोंद व्हावी. लॅटिन नांव, मराठी नांव, ठाकुरांचें व कातकऱ्यांचें नांव, फुलण्याचा महिना, खाण्याचा भाग, उगवण्याची जागा, आणि यांबरोबर, सांगणाराची संमति असल्यास, ज्या बाईनें वा म्हाताऱ्यानें तें दाखविलें त्याचें नांव. महाविद्यालयांतील वनस्पतिशास्त्राच्या विद्यार्थ्यांस हें काम दोन पावसाळ्यांत करतां येण्यासारखें आहे. १६७८ सालीं एका परकीय गव्हर्नरास जी रीत सुचली व जमली, ती आपल्या विद्यालयांस आज जड जाण्याचें कारण नाहीं.