काळी माती, पाणी आणि परभणीचा रस्ता

"बनी तो बनी, नहीं तो परभणी" ही म्हण आपल्याकडे सगळ्यांनाच ठाऊक आहे. इथले लोक ती हसत-हसत रस्त्यांनाही लावतात. रस्ता उखडला की दोष कंत्राटदाराला किंवा पुढाऱ्याला दिला जातो, आणि तो पुष्कळदा खराही असतो. पण या दोघांच्या कितीतरी आधीपासून रस्त्याखाली एक तिसरा पक्षकार बसलेला आहे, तो म्हणजे माती. मी भाषेचा शिक्षक आहे, इंजिनिअर नाही. तरीही या मातीचा आणि रस्त्याचा इतिहास वाचताना असं वाटलं की ही गोष्ट फक्त इंजिनिअरांवर सोडून चालणार नाही.

सुरुवात जरा लांबून करतो. युरोप-अमेरिकेच्या थंड भागांत किंवा आपल्या लडाखमध्ये हिवाळ्यात जमीन गोठते, तेव्हा रस्ता फुगून वर येतो. बर्फ वितळला की तोच रस्ता खाली बसतो आणि फुटतो. पाणी गोठताना फुगतं म्हणून असं होतं, एवढंच लोकांना पुष्कळ काळ वाटत होतं. 1929-30 च्या सुमारास स्टीफन टेबर या अमेरिकी भूशास्त्रज्ञाने पाण्याऐवजी बेन्झीन वापरून प्रयोग केला. बेन्झीन गोठताना आकसतं, तरीही माती वर उचलली गेली. म्हणजे खरं कारण वेगळं होतं. बारीक कणांची माती खालचा ओलावा वर ओढून घेते, त्याचे थरावर थर गोठतात आणि तेच रस्त्याला उचलतात.

परभणीत बर्फ नाही, पण दुखणं जवळपास हेच आहे. आपल्या काळ्या मातीत मॉन्टमोरिलोनाइट जातीचं खनिज भरपूर असतं. त्याचे पापुद्रे एकावर एक रचलेले असतात. पाऊस पडला की पाणी या पापुद्र्यांमध्ये शिरतं आणि माती फुगते. एप्रिल-मेमध्ये पाणी निघून जातं आणि रानात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. कापसाला आणि ज्वारीला हीच माती जगवते, कारण ती ओल धरून ठेवते. रस्त्याला ती नेमकी त्याच गुणाने मारते. डांबराखाली मधल्या भागात ओल टिकून राहते, कडेची माती मात्र दरवर्षी भिजते आणि वाळते. म्हणून आपल्याकडच्या रस्त्याला पहिली लांबट भेग बहुधा साईडपट्टीच्या बाजूने पडते.

आपल्या पूर्वजांना हे पुस्तकाविना माहीत होतं. मराठीत गावठाणाला "पांढरी" आणि शेतजमिनीला "काळी" म्हणतात. घर पांढरीवर बांधायचं आणि पीक काळीत घ्यायचं, असा हा सरळ हिशेब होता. वाहतुकीचाही हिशेब ऋतूवर बांधलेला होता. सतराव्या शतकातला फ्रेंच प्रवासी तावर्निए दहा-दहा, बारा-बारा हजार बैलांच्या तांड्यांचं वर्णन करतो. असे तांडे चालायचे ते उघडिपीच्या दिवसांत. पावसाळ्यात काळ्या रानातून गाडी हाकायची नाही, हाच त्या काळचा उपाय होता.

यंत्रं आली आणि ही सवलत संपली. विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर मनमाड-हैदराबाद रेल्वे परभणीवरून गेली. रूळ मातीच्या भरावावर आणि खडीवर टाकलेले होते. 1932 मध्ये निजामाच्या रेल्वे खात्याने 27 बसगाड्यांनिशी सरकारी बससेवा सुरू केली. त्या काळी बांधकाम खात्याला आपल्याकडे "तामीरात" म्हणत. "रस्ता" आणि "पूल" हे आपले रोजचे मराठी शब्दही फारसीतूनच आलेले आहेत. तिकडे ब्रिटिश हिंदुस्थानात मुकुंदराव जयकर यांच्या अध्यक्षतेखाली 1927 मध्ये रस्ते समिती नेमली गेली. तिच्या शिफारशींमधून 1934 मध्ये इंडियन रोड्स काँग्रेस उभी राहिली. 1943 मध्ये नागपुरात मुख्य अभियंत्यांनी देशभरासाठी वीस वर्षांचा रस्ते आराखडा आखला.

मग 1972 चा दुष्काळ आला. मराठवाड्यातल्या हजारो बायाबापड्यांनी उन्हात बसून खडी फोडली आणि पुष्कळ गावांना पहिली सडक त्याच कामांतून मिळाली. पुढे त्यातूनच रोजगार हमीचा कायदा झाला. हा इतिहास अभिमानाचा आहे. पण खडी अंथरली म्हणजे रस्ता झाला, ही समजूतही आपल्याकडे घट्ट बसली. खडीच्या रस्त्याला ज्याचं नाव मिळालं, त्या स्कॉटलंडच्या मॅकॅडमचं म्हणणं मात्र उलट होतं. त्याच्या मते वजन शेवटी खालची जमीनच पेलते, म्हणून रस्ता आजूबाजूपेक्षा उंच ठेवायचा आणि खालची जमीन कोरडी राखायची. आपण त्याची खडी घेतली, पण चर विसरलो.

उपाय गुपित नाहीत. थंड देशांत गोठणारी बारीक माती काढून तिथे भरड वाळू-खडी टाकतात आणि पाण्याला वाट देतात. आपल्याकडे काळ्या मातीवर साधारण 60 सेंटिमीटर ते 1 मीटर जाडीचा न फुगणाऱ्या मातीचा थर द्यावा, असं रोड्स काँग्रेसच्या मार्गदर्शनात आहे. मातीत चुना मिसळण्याची पद्धतही आहे. चुन्यामुळे मातीची पाणी ओढण्याची भूक कमी होते. त्याशिवाय दोन्ही बाजूंना चर, जागोजागी मोऱ्या आणि पक्क्या साईडपट्ट्या लागतात. हे सगळं जमिनीखाली किंवा कडेला असतं, उद्घाटनाच्या फोटोत ते येत नाही. काटकसर होते ती नेमकी तिथेच.

या काटकसरीची किंमत कोण भरतं? जूनमध्ये शेतवस्त्यांवरची आणि तांड्यांवरची मुलं वर्गातून कमी व्हायला लागतात, आणि मुली सर्वांत आधी घरी बसतात. बाळंतीण बाईला चिखलातून बाजेवर घालून आणावं लागतं. मोमिन असो, मराठा असो की बंजारा, चिखल कोणालाही जात विचारत नाही.

वाटेतली इजा करणारी वस्तू बाजूला करणं हा इमानचा भाग आहे, ही शिकवण हदीसमधून आपण लहानपणापासून ऐकत आलो. आपण तिचा अर्थ काटा किंवा दगड उचलण्यापुरता घेतला. आजच्या काळात तिचा अर्थ ग्रामसभेत उभं राहून इस्टिमेट मागणं हासुद्धा आहे. मुरमाचा थर किती, चर कुठे काढणार आणि मोऱ्या किती, हे तीन प्रश्न विचारायला इंजिनिअर असावं लागत नाही. आणि ते विचारायचे ते डांबर पडण्याच्या आधी. नंतर विचारून उपयोग नसतो, कारण तोपर्यंत सगळं झाकलं गेलेलं असतं.