वसतिगृहातील विनोदाचा इतिहास : भंडारा जिल्हा आणि अभियांत्रिकीचे शिक्षण

चेतन भगत यांची ‘फाइव्ह पॉइंट समवन’ ही इंग्रजी कादंबरी २००४ साली प्रसिद्ध झाली आणि २००९ च्या अखेरीस नागपूरचे राजकुमार हिरानी यांनी तिच्या आधारे ‘थ्री इडियट्स’ हा चित्रपट काढल्यावर अभियांत्रिकीच्या वसतिगृहात धडपडणारे तीन मित्र हा घराघरांत हसून सांगण्याचा विषय झाला. कादंबरीच्या नावातील ‘पाच’ हा दहापैकी मिळालेल्या सरासरी गुणांकाचा आकडा आहे. म्हणजे दिल्लीच्या आयआयटीतील या मित्रांचे दुःख उत्तीर्ण होण्याचे नसून हुशारांच्या रांगेत मागे पडण्याचे आहे. भंडारा जिल्ह्यातून अभियांत्रिकीला गेलेल्या बहुसंख्य मुलांची धडपड याहून निराळी होती. त्यांच्या विनोदाच्या मुळाशी मागे पडण्याची लाज नव्हती, तर वर्ष वाया जाण्याची भीती होती, आणि ही भीती कशी घडली हे जिल्ह्याच्या शैक्षणिक इतिहासातच शोधावे लागते.

भंडारा हा १९५६ पर्यंत मध्य प्रांताचा (१९५० पासून मध्य प्रदेशाचा), म्हणजे नागपूर राजधानी असलेल्या हिंदी-मराठी राज्याचा भाग होता, आणि या प्रांताचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय १९४७ साली निघाले ते जबलपूरला. तेव्हा भंडारा जिल्ह्यातच असलेल्या गोंदियाहून सातपुडा ओलांडत जबलपूरला जाणारी नॅरोगेज गाडी होती. नागपुरात १९४२ पासून लक्ष्मीनारायण तंत्रज्ञान संस्था होती. कामठीचे मँगनीज-व्यावसायिक डी. लक्ष्मीनारायण यांनी नागपूर विद्यापीठाला मृत्युपत्राने दिलेल्या मोठ्या देणगीतून ती उभी राहिली, परंतु तिचा भर रासायनिक तंत्रज्ञानावर होता. राज्यपुनर्रचनेत विदर्भ मुंबई राज्यात आला तेव्हा जबलपूर परराज्यात गेले, आणि नागपुरात त्याच वर्षी निघालेले शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय तेवढे हाताशी राहिले. ते १९६० मध्ये विश्वेश्वरय्या प्रादेशिक अभियांत्रिकी महाविद्यालयाने, म्हणजे आजच्या व्हीएनआयटीने, आपल्यात सामावून घेतले. केंद्र आणि राज्य यांनी मिळून चालवलेल्या या ‘प्रादेशिक’ महाविद्यालयांत काही जागा राज्यातील व काही परराज्यांतील विद्यार्थ्यांना असत, त्यामुळे धानाच्या बांध्यांतून आलेला मुलगा तिथे प्रथमच तामीळ किंवा बंगाली बोलणाऱ्या मुलांच्या शेजारी राहू लागला.

त्याच काळात जिल्ह्यात अभियंत्याची गरजही दिसू लागली होती. तुमसर तालुक्यातील चिखला आणि डोंगरी बुजुर्ग येथील मँगनीजच्या खाणी जुन्या होत्या. पुढे जवाहरनगरचा आयुधनिर्माण कारखाना, गडेगावचा अशोक लेलँडचा कारखाना आणि वरठीचा सनफ्लॅग पोलाद कारखाना उभे राहिले. २२ एप्रिल १९८८ रोजी गोसीखुर्द धरणाची पायाभरणी झाली. कारखान्याच्या फाटकातून जीपमधून आत जाणारा साहेब हे शेतकरी बापाला डोळ्यांनी दिसणारे उदाहरण होते, आणि मुलाला इंजिनिअर करण्याची हौस शहरी अनुकरणातून आली असे म्हणणाऱ्यांनी हे उदाहरण लक्षात घेतलेले नाही.

या हौसेला वाट मिळाली ती १९८३ मध्ये. मुख्यमंत्री वसंतदादा पाटील यांच्या सरकारने विनाअनुदानित, म्हणजे सरकारी मदतीविना शुल्कावर चालणाऱ्या, अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिली आणि अवघ्या दोन-तीन वर्षांत सेवाग्राम, बडनेरा, शेगाव, नागपूर, रामटेक येथे अशी महाविद्यालये निघाली. गोंदियात मनोहरभाई पटेल यांच्या नावाचे महाविद्यालय याच लाटेतले असून १ मे १९९९ रोजी गोंदिया जिल्हा वेगळा होईपर्यंत ते भंडारा जिल्ह्याचेच होते. भंडाऱ्याजवळ शहापूरला त्याच नावाची संस्था नंतर आली. जागा वाढल्या, पण त्यांची किंमतही वाढली. प्रवेशासाठी घेतल्या जाणाऱ्या देणगीवर १९८७ च्या कायद्याने बंदी आली, आणि १९९३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उन्नीकृष्णन खटल्यात निम्म्या जागा गुणवत्तेवर कमी शुल्काच्या आणि निम्म्या जास्त शुल्काच्या अशी विभागणी घालून दिली. हीच ती ‘फ्री सीट’ आणि ‘पेमेंट सीट’. एकाच खोलीतील दोन मित्रांच्या घरांवर पडणारा भार त्यामुळे कमालीचा वेगळा असे. २००२ च्या टी. एम. ए. पै निकालानंतर ही विभागणी गेली.

या मुलांच्या दैनंदिन धडपडीचा केंद्रबिंदू म्हणजे ‘केटी’. काही विषयांत अनुत्तीर्ण होऊनही पुढच्या वर्षात बसण्याची मुभा, म्हणजे एटीकेटी, विद्यापीठाने दिली होती. मात्र पहिल्या वर्षाचे सर्व विषय सुटल्याशिवाय तिसऱ्या वर्षात पाऊल टाकता येत नसे, आणि जो अडकला तो ‘इयर डाउन’. मराठी माध्यमातून बारावीपर्यंत आलेला, घरी झाडीबोली, म्हणजे पूर्व विदर्भाची मराठी बोली, बोलणारा मुलगा इंग्रजी पाठ्यपुस्तकापुढे बसला की पहिला तडाखा एन. डी. भट्ट यांच्या अभियांत्रिकी चित्रकलेच्या पुस्तकाचा आणि दुसरा ‘एम-थ्री’चा, म्हणजे गणिताच्या तिसऱ्या प्रश्नपत्रिकेचा असे. सबमिशनच्या आदल्या रात्री दोन खुर्च्यांवर आडवी काच ठेवून तिच्याखाली दिवा लावत, एका हुशार मित्राची पूर्ण शीट काचेवर पसरत आणि तिच्यावर कोरा कागद चिकटवून रेघा उमटवत. ‘जीटी (ग्लास ट्रेसिंग) मारणे’ ते हेच. मूळ शीट पहाटेपर्यंत खोल्याखोल्यांतून फिरे, ड्राफ्टर एकाचा आणि पेन्सिली दुसऱ्याच्या असत, आणि तोंडी परीक्षेत परीक्षकाने रेघेचा अर्थ विचारला की सगळ्यांची एकच चूक उघडी पडे. हे नियमबाह्य होते यात शंका नाही. पण ज्या व्यवस्थेने इंग्रजी शिकवण्याची जबाबदारी न घेता इंग्रजीत परीक्षा घेतली, तिच्यात मैत्री हीच शिकवणी होती, आणि या मुलांपैकी पुष्कळजण वर्गात नव्हे, तर अशा खोलीत इंजिनिअर झाले.

मराठी कादंबरीने महाविद्यालयीन मैत्री पूर्वीच हाताळली होती. भालचंद्र नेमाडे यांच्या ‘कोसला’त (१९६३) खानदेशातून पुण्याला शिकायला गेलेला पांडुरंग सांगवीकर आहे आणि सुहास शिरवळकर यांची ‘दुनियादारी’ १९८२ ची आहे. दोन्ही पुण्याच्या आहेत, दोन्ही विनाअनुदानित लाटेच्या आधीच्या आहेत आणि त्यांत केटीच्या हिशेबाला स्थान नाही. त्याहून मोठी उणीव मुलींची आहे. वरठीच्या भंडारा रोड स्थानकावरून सकाळी नागपूरची गाडी पकडून संध्याकाळी परतणाऱ्या, ‘अप-डाऊन’ करणाऱ्या मुलींना रात्रीची वसतिगृहे आणि तिथली काच कधीच मिळाली नाही. त्यांना शीट घरीच, एकटीने पूर्ण करावी लागे, आणि त्यांची धडपड विनोदी वाङ्मयात जवळजवळ आलेलीच नाही.

या इतिहासाची साधने अजून हाताशी आहेत. महाविद्यालयांचे वार्षिकांक, मेसच्या खर्चाच्या वह्या, गावाकडून आलेली पत्रे, पिवळ्या पडलेल्या जर्नल्स आणि गुणपत्रिका १९८३ नंतरच्या पिढीच्या घरांत आहेत, आणि ती पिढी आता निवृत्तीला आली आहे. भंडारा आणि गोंदियाच्या महाविद्यालयांनी व सार्वजनिक ग्रंथालयांनी ही कागदपत्रे आता मागून घेऊन जपावीत, आणि ज्यांनी त्या रात्री काढल्या त्यांनी, विशेषतः त्या गाडीतून ये-जा केलेल्या स्त्रियांनी, आपल्या झाडीबोलीसकट त्या लिहून काढाव्यात.