फिरोजाबादची बांगडी आणि ताजमहाल

चांदरातीला आमच्या मोहल्ल्यात काचेच्या बांगड्यांची दुकानं लागतात. लहानपणी अम्मीचं बोट धरून मी त्या गर्दीत फिरलो आहे. बांगड्या फिरोजाबादच्या, एवढं तेव्हाही ठाऊक होतं. त्याच फिरोजाबादच्या भट्ट्या ताजमहालच्या खटल्यात सापडल्या होत्या, हे मात्र फार उशिरा वाचनात आलं.

मथुरेला तेलशुद्धीकरण कारखाना उभारायचं ठरलं, तेव्हा ताजची काळजी सुरू झाली. वरदराजन समितीचा अहवाल १९७८ साली प्रसिद्ध झाला. आग्र्यातली दोन औष्णिक वीजकेंद्रं, ओतकामाचे लहान कारखाने आणि रेल्वेचं यार्ड आधीपासूनच धूर ओकत आहेत, असं त्यात दिसलं. कोळशाच्या धुरातला सल्फर डायऑक्साइड हवेतल्या ओलाव्यात मिसळला की आम्ल बनतं आणि ते संगमरवर खातं.

१९८४ साली वकील एम. सी. मेहता सर्वोच्च न्यायालयात गेले. ३० डिसेंबर १९९६ रोजी न्या. कुलदीप सिंग आणि न्या. फैजानुद्दीन यांनी निकाल दिला. ताजभोवतीच्या १०,४०० चौरस किलोमीटरच्या पट्ट्यातल्या २९२ कारखान्यांना सांगितलं गेलं: कोळसा सोडा, नैसर्गिक वायू घ्या, नाहीतर पट्ट्याबाहेर जा.

'दगडासाठी गरिबाच्या पोटावर पाय' असं तेव्हा बोललं गेलं असेल, तर त्यात नवल नाही. पण निकाल नीट वाचला तर त्यात कामगारही आहे. कारखाना हलला तरी नोकरी सलग धरावी, मधल्या काळाचा पूर्ण पगार द्यावा, सोबत जाणाऱ्याला वर्षभराचा पगार जादा द्यावा, असे आदेश त्यात आहेत. मुख्य म्हणजे नुसती बंदी घातली नाही, वायूचा पर्याय समोर ठेवला. म्हणूनच फिरोजाबादचा धंदा मेला नाही. तिथल्या भट्ट्या आज वायूवर चालतात.

तरी एक गोष्ट मला टोचते. बांगडीचं सगळं काम कारखान्यात होत नाही. टोकं जोडण्याचं, नक्षीचं काम घराघरांत होतं. त्यात बायका असतात, मुलं असतात, आणि आपल्या समाजातली घरंही पुष्कळ असतात. त्यांचं नाव कुठल्या हजेरीपटावर नसतं. नोकरीच कागदावर नाही, तर ती सलग कोण धरणार? भरपाई कुणाला मिळणार?

दुसरी गोष्ट यमुनेची. भट्ट्यांवर बोट ठेवलं गेलं, पण शहरांचं सांडपाणी नदीत येतच राहिलं. २०१६ च्या सुमारास त्या घाण पाण्यात वाढलेल्या किड्यांनी ताजच्या भिंतींवर हिरवे डाग पाडले.

कारखाने हवेत की स्वच्छ हवा, हा प्रश्नच मला चुकीचा वाटतो. गरिबाला दोन्ही हवं असतं, कारण भट्टीसमोर तोच उभा असतो आणि धूरही आधी त्याच्याच छातीत जातो. आपण विचारायचं ते हे की, बदलाचा खर्च कोण उचलणार? तो हजेरीपटाबाहेरच्या बाईवर टाकला, तर त्याला समतोल म्हणता येणार नाही.