तुरुंगातील झाडू

सौंसरजवळच्या जामसांवली येथे मारुतीराय उभे नाहीत की बसलेले नाहीत. ते निद्रिस्त रूपात पहुडलेले आहेत. अशा देवस्थानी पहाटे अंगण झाडणाऱ्या भाविकास आपण सेवेकरी म्हणतो आणि त्या झाडूस पुण्य लाभते असे मानतो. तोच झाडू तुरुंगाच्या भिंतीआड गेला की मात्र त्याचा अर्थ पालटत असे. तेथे तो कोणी धरावा हे नियमाने ठरलेले होते, आणि नियम जातीकडे पाहून चालत होता.

याचे मूळ कंपनी सरकारच्या भीतीत आहे. 1855 साली बिहारात आरा व मुझफ्फरपूर येथे कैद्यांचे पितळी लोटे काढून घेऊन मातीची भांडी देण्यात आली, तेव्हा दंगे उसळले. बंदिवानाचा धर्म दुखावू नये, हा धडा राज्यकर्त्यांनी घेतला. पण धर्म म्हणजे जातीची उतरंड, असा त्याचा सोयीस्कर अर्थ लावला. 1894 च्या तुरुंग कायद्याने सक्तमजुरीस दिवसाला नऊ तासांची मर्यादा घातली, स्त्री-पुरुष बंदी वेगळे ठेविले; पण स्वयंपाक कोणी करावा आणि मैला कोणी उचलावा, हे प्रांतोप्रांतीच्या नियमपुस्तिकांनी जातीवरून ठरविले.

या नियमास पहिला मोठा धक्का कोकणात बसला. सीताराम पुरुषोत्तम पटवर्धन, म्हणजे आपले अप्पासाहेब, 1932 साली रत्नागिरीच्या तुरुंगात होते. त्यांनी भंगीकाम मागितले. सवर्णास ते काम देता येत नाही, असे उत्तर आले. शिक्षा म्हणून नव्हे, तर हक्क म्हणून मैल्याची टोपली मागणारा कैदी अधिकाऱ्यांनी पूर्वी कधी पाहिला असेल, असे वाटत नाही! अप्पासाहेबांनी आहार तोडला. येरवड्यास बंदिवासात असलेल्या गांधीजींना हे कळताच त्यांनी 3 डिसेंबर रोजी सहानुभूतीचे उपोषण आरंभिले, आणि फेरविचाराचे आश्वासन मिळाल्यावर दुसऱ्या दिवशी ते सोडले. याच रत्नागिरीत 1931 साली भागोजीशेठ कीरांचे पतितपावन मंदिर सर्व हिंदूंना खुले झाले होते. गावात देवाचे दार उघडले होते, तुरुंगात संडासाचे दार अद्याप जातीच्या पहाऱ्यात होते. पुढे कणकवलीच्या गोपुरीत अप्पासाहेबांनी सफाईलाच जन्माचे कार्य केले.

स्वातंत्र्य आले, राज्यघटनेच्या सतराव्या अनुच्छेदाने अस्पृश्यता नष्ट केली, तरी नियमपुस्तिकांची पाने तशीच राहिली. ज्या मध्य प्रदेशात जामसांवली आहे, तेथील पुस्तिकेतही संडासाच्या कामाचा उल्लेख ‘मेहतर’ या जातिवाचक शब्दानेच होता. पत्रकार सुकन्या शांता यांनी या साऱ्या नियमांविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. 3 ऑक्टोबर 2024 रोजी सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या पीठाने जातीवरून काम वाटणारे नियम घटनाबाह्य ठरविले, तीन महिन्यांत पुस्तिका सुधारण्यास सांगितले, आणि बंदिवानांच्या नोंदवहीतील जातीचा रकाना काढून टाकण्याचा आदेश दिला. अप्पासाहेबांच्या मागणीस तोवर ब्याण्णव वर्षे होत आली होती.