घर मालकाचं, भांडीकुंडी भाडेकरूची

आपल्यापैकी कितीतरी जणींची मुलं शहरात भाड्याच्या खोलीत राहतात. खोलीला आग लागली, तर नुकसान कुणाचं? लंडनच्या भाडेकरूंवर ही वेळ साडेतीनशे वर्षांपूर्वीच आली होती.

सप्टेंबर १६६६. एका बेकरीतून पेटलेली आग चार दिवस चालली आणि १३ हजारांवर घरं जळाली. भाडेकरूंचं सामान गेलंच, वर अनेकांच्या करारात लिहिलेलं, की घर जळालं तरी भाडं द्यायचं आणि ते पुन्हा बांधायचंही भाडेकरूनेच! असले तंटे सोडवायला १६६७ मध्ये खास न्यायालय बसवावं लागलं.

पुढे १६८० च्या सुमारास निकोलस बार्बन याने घरांचा विमा काढला. विटांच्या घराला वर्षाच्या भाड्याच्या अडीच टक्के हप्ता, लाकडी घराला पाच. पण विमा भिंतींचा. गादी, कपडे, सुताराची हत्यारं वाऱ्यावरच. सामानाचा विमा आणला चार्ल्स पोवी याने, १७०८ च्या आसपास. म्हणजे भाडेकरूची आठवण यायला चाळीस वर्षं गेली.

आपल्याकडे १ एप्रिल २०२१ पासून ‘भारत गृह रक्षा’ पॉलिसी आहे. तिच्यात भाडेकरूला नुसत्या सामानाचाही विमा घेता येतो. मालकाने काढलेला विमा इमारतीचा. मुलीचा फ्रिज त्यात येत नाही. दागिन्यांचं संरक्षण मात्र वेगळं मागून घ्यावं लागतं. सामानाचे आणि पावत्यांचे फोटो मुलांना गावी तुमच्या मोबाइलवर पाठवायला सांगा, कारण खोलीबरोबर पावत्याही जळतात.