क्षमा कोणी, कोणाला आणि केव्हा करायची?



पालघर जिल्ह्याचे मुख्यालय कोळगावला उभे राहिल्यापासून आम्हा पालघर-बोईसरच्या कार्यकर्त्यांच्या तिकडे बऱ्याच फेऱ्या होतात. अत्याचाराच्या एखाद्या प्रकरणाचा पाठपुरावा करायचा तर अर्ज घेऊन तिथेच जावे लागते. अशाच एका फेरीत बाहेर टपरीवर चहा घेताना एका सुशिक्षित गृहस्थांनी आम्हाला मोबाइलवर एक व्हिडिओ दाखवला. अमेरिकेतल्या अमिश लोकांचा. त्यांच्या शाळेत शिरून एकाने लहान मुलींना गोळ्या घातल्या आणि त्याच संध्याकाळी हे लोक मारेकऱ्याच्या घरी जाऊन माफ केले म्हणून सांगून आले. व्हिडिओ संपला तसे गृहस्थ म्हणाले, "बघा, याला म्हणतात मोठे मन. तुम्ही लोक किती वर्षे तेच तेच उगाळत बसणार?"

आम्ही तिथे वाद घातला नाही. पण बोईसरला परतताना आमच्यातल्याच एका तरुणाने विचारले, "दादा, आपण तर बुद्धाचे लोक. वैर सोडा हे आपणच जगाला सांगतो. मग त्यांना जमले ते आपल्याला का जमू नये?" गृहस्थांचा टोमणा सोडून देता येतो. या तरुणाचा प्रश्न सोडून देता येत नाही.

आधी घटना नीट पाहू. २ ऑक्टोबर २००६. पेनसिल्व्हेनिया राज्यात लँकेस्टर काउंटीत निकेल माइन्स नावाच्या वस्तीत अमिशांची एक खोलीची शाळा होती. परिसरात दुधाचा टँकर चालवणारा एक माणूस, जो स्वतः अमिश नव्हता, बंदुका घेऊन आत शिरला. मुलांना बाहेर काढून त्याने दहा मुलींना ओलीस धरले आणि गोळ्या घातल्या. पाच मुली मेल्या, पाच जखमी झाल्या. मग त्याने स्वतःलाही संपवले. अमिश शेजारी त्याच दिवशी त्याच्या विधवेकडे आणि आईवडिलांकडे गेले. मुलींना पुरून आलेली माणसे काही दिवसांनी त्याच्या दफनविधीलाही उभी राहिली. जगभरातून आलेल्या मदतीतला वाटा त्यांनी त्याच्या बायकामुलांना दिला. दहा दिवसांत शाळा पाडली आणि सहा महिन्यांनी दुसऱ्या जागी नवी उघडली.

हे खोटे नाही, ढोंगही नाही. या वागण्यामागे पाचशे वर्षांचा इतिहास आहे. अमिशांचे पूर्वज म्हणजे युरोपातले अ‍ॅनाबॅप्टिस्ट. तान्ह्या मुलाचा बाप्तिस्मा मानायचा नाही आणि हातात शस्त्र धरायचे नाही, असे म्हणणारे लोक. एवढ्यासाठी कॅथलिकांनीही त्यांना मारले आणि प्रोटेस्टंटांनीही. १५२७ साली झ्युरिकमध्ये फेलिक्स मांझ याला लिम्मात नदीत बुडवून मारले. १५६९ साली हॉलंडमधला डर्क विलेम्स कैदेतून पळत होता. त्याचा पाठलाग करणारा शिपाई गोठलेल्या पाण्यावरचा बर्फ फुटून आत पडला. डर्क मागे फिरला, त्याने शिपायाला बाहेर काढले, आणि त्यामुळेच पकडला जाऊन जिवंत जाळला गेला. अमिश घरांत ही गोष्ट आजही मुलांना सांगतात. छळ सोसलेल्या समाजाने जपलेली ही शिकवण आहे, म्हणून आम्ही तिला हसणार नाही.

आता त्या आठवड्यातली दुसरी घटना. निकेल माइन्सच्या तीनच दिवस आधी, २९ सप्टेंबर २००६ रोजी, भंडारा जिल्ह्यातल्या मोहाडी तालुक्यात खैरलांजी घडले. सुरेखा भोतमांगे, बारावीत शिकणारी प्रियंका, सुधीर आणि रोशन या चौघांना गावच्या जमावाने घरातून ओढून ठार केले आणि प्रेते कालव्यात फेकली. सुरेखाबाईंचा गुन्हा काय? नात्यातल्या एका माणसाला झालेल्या मारहाणीत त्यांनी मारणाऱ्यांना ओळखले आणि तशी साक्ष दिली. जामिनावर सुटल्या सुटल्या आरोपी गावात आले. भैय्यालाल भोतमांगे तेवढे वाचले.

आणि २ ऑक्टोबरला आपण कुठे होतो? त्या दिवशी दसरा होता, धम्मदीक्षेचे पन्नासावे वर्ष. दीक्षाभूमीवर लाखो लोक जमले होते. शेजारच्या जिल्ह्यात तीन दिवसांपूर्वी काय झाले याची त्यातल्या बहुतेकांना खबर नव्हती. निकेल माइन्सची बातमी मात्र त्याच दिवशी जगभर गेली.

आता त्या तरुणाच्या प्रश्नाकडे येऊ. निकेल माइन्समध्ये क्षमा केली गेली तेव्हा परिस्थिती काय होती? मारेकरी मेलेला होता. त्याने केले ते कोणी नाकारत नव्हते. त्याच्या घरचे शरमेने मोडून पडले होते. त्याची आई तर पुढे वर्षानुवर्षे दर आठवड्याला जाऊन एका कायमच्या अपंग झालेल्या मुलीची सेवा करत राहिली. पोलीस, सरकार, वर्तमानपत्रे सगळी मुलींच्या बाजूने उभी होती. अमिशांना रस्त्याने जाताना मारेकऱ्याच्या भाऊबंदांकडून धमकी मिळण्याची भीती नव्हती, आणि त्यांच्यावर क्षमेसाठी बाहेरून दबावही नव्हता. शिवाय क्षमा म्हणजे शिक्षामाफी असे अमिशही मानत नाहीत. राग सोडायचा तो माणसाने, शिक्षा करायची ती राज्याने, हे दोन कप्पे ते वेगळे ठेवतात. व्हिडिओ बनवणारे नेमके हेच गाळतात.

खैरलांजीत यातले काय होते? गाव गप्प. तपास ढिला. लोक रस्त्यावर उतरल्यावर सरकार हलले. सप्टेंबर २००८ मध्ये भंडाऱ्याच्या न्यायालयाने आठ जणांना दोषी ठरवले, सहा जणांना फाशी आणि दोघांना जन्मठेप सुनावली. पण अ‍ॅट्रॉसिटी कायदा लागला नाही. १४ जुलै २०१० रोजी उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने फाशी रद्द करून पंचवीस वर्षांची कैद केली. दोन्ही ठिकाणी एकच सूर, हा सूडाचा प्रकार आहे, जातीचा नाही. म्हणजे ज्या कारणासाठी माणसे मारली, ते कारणच कागदावर नाही. मग भैय्यालालांनी क्षमा कशाची करायची? जो गुन्हा घडलाच नाही असे सांगितले जाते, त्याची?

आमच्या गावांत क्षमेला वेगळे नाव आहे. तिला 'मिटवून टाका' म्हणतात. मारहाण झाली, बाईची अब्रू घेतली, विहिरीवरून हाकलले, की दोन दिवसांत चार प्रतिष्ठित दारात येतात. गावात राहायचे आहे ना, पोरांची शिक्षणे आहेत, केस मागे घ्या. अ‍ॅट्रॉसिटीचा गुन्हा कायद्याने तडजोडीला मोकळा नाही, तरीही साक्षीदार फिरतात ते या दारात आलेल्यांमुळेच. बळजबरीच्या क्षमेचा अनुभव खुद्द अमिश बायकांनाही आहे. घरात अत्याचार करणाऱ्याला चर्चमध्ये चार शब्दांची कबुली घेऊन माफ केले जाते आणि मुलीला गप्प बसवले जाते, हे त्यांच्यातल्याच स्त्रियांनी पुढे येऊन सांगितले आहे. क्षमा सक्तीची झाली की ती कोणत्या बाजूला झुकते ते तिथेही दिसतेच.

क्षमेचा उपदेश करणाऱ्यांची परीक्षा आमच्याच जिल्ह्यात झालेली आहे. १६ एप्रिल २०२० च्या रात्री, लॉकडाऊनमध्ये, डहाणू तालुक्यातल्या गडचिंचले येथे चोर असल्याच्या अफवेवरून जमावाने दोन साधू आणि त्यांच्या ड्रायव्हरला पोलिसांदेखत ठार मारले. घटना भीषण होती. शंभराहून अधिक लोकांना अटक झाली. त्या वेळी कोणी आम्हाला अमिशांचा व्हिडिओ पाठवला नाही. उलट सगळ्या आदिवासी पट्ट्यालाच खुनी ठरवण्याची स्पर्धा लागली, आणि जे घडले नव्हते त्याला धार्मिक रंग देण्याची घाई झाली. आमचे म्हणणे तेव्हाही हेच होते की दोषींवर कायद्याने खटला चालवा आणि अख्ख्या जमातीला झोडपू नका. खैरलांजीच्या मृतांसाठी जो कायदा आम्ही मागतो, तोच गडचिंचलेच्या मृतांसाठी मागतो.

मग बुद्धाचे काय? अंगुलिमालाची गोष्ट आपण सगळे सांगतो, बाबासाहेबांनीही ती 'बुद्ध आणि त्याचा धम्म' मध्ये घेतली आहे. त्या गोष्टीचा क्रम बघा. अंगुलिमाल आधी थांबला. शस्त्र टाकले, जुने आयुष्य सोडले, चीवर घातले. राजा पसेनदीने त्याला अभय दिले ते त्यानंतर. पुढे भिक्षेला गेल्यावर लोकांनी दगड मारले, तर तेही त्याने सोसले, कारण आपण काय केले हे त्याला कबूल होते. तलवार हातात असलेल्या अंगुलिमालापुढे गावाने हात जोडावेत, असे ती गोष्ट कुठेही सांगत नाही.

आपल्याकडे याचे खरे उदाहरण महाडचे आहे. २० मार्च १९२७ रोजी चवदार तळ्याचे पाणी घेऊन परतलेल्या लोकांवर सवर्णांनी लाठ्यांनी हल्ला केला. मंदिरात घुसणार अशी अफवा उठवून दिली होती. माणसे रक्तबंबाळ झाली, काहींना मुसलमानांच्या घरांनी आसरा दिला. सैन्यात नोकरी केलेली, हाताला लाठी माहीत असलेली माणसे बाबासाहेबांच्या एका शब्दाची वाट बघत होती. बाबासाहेबांनी शब्द दिला तो शांत राहण्याचा. महाड त्या दिवशी पेटले नाही ते त्यांच्यामुळे. पण म्हणून त्यांनी माफ केले का? फिर्याद झाली, खटला चालला आणि जूनमध्ये पाच हल्लेखोरांना चार-चार महिने सक्तमजुरी झाली. डिसेंबरात ते पुन्हा महाडला गेले आणि मनुस्मृती जाळली. तळ्याचा दावा १७ मार्च १९३७ ला उच्च न्यायालयात जिंकला. दहा वर्षे! इतका काळ राग न पेटवता आणि हक्क न सोडता चालत राहणे, याला कोणता शब्द आहे आम्हाला माहीत नाही. क्षमा नक्कीच नाही, सूडही नाही.

आणि स्वतःलाही विचारू. खैरलांजीनंतर उसळलेल्या उद्रेकात, कानपूरच्या पुतळा विटंबनेनंतर, ३० नोव्हेंबर २००६ ला उल्हासनगरजवळ डेक्कन क्वीनचे डबे जाळले गेले. प्रवाशांना आधी उतरवले होते, हे खरे. तरी महाडच्या त्या रात्रीशी ते जुळत नाही, हे आपल्यातल्या वडीलधाऱ्यांनी तेव्हाच सांगायला हवे होते. अमिशांकडून शिकायचे ते इथे: मारेकऱ्याच्या मुलाबाळांना मारेकरी समजायचे नाही.

अमिशांच्या पूर्वजांना बुडवणाऱ्या झ्युरिकच्या चर्चने २००४ साली त्यांच्या वंशजांसमोर उभे राहून आपला अपराध कबूल केला. लिम्मातच्या काठावर तसा फलकही लावला. मांझच्या मृत्यूला तेव्हा ४७७ वर्षे झाली होती. उशीर केवढा, पण पहिले पाऊल कोणी टाकले ते बघा.

भैय्यालाल भोतमांगे २० जानेवारी २०१७ रोजी नागपुरात वारले. तोपर्यंत ते सर्वोच्च न्यायालयातल्या अपिलाची वाट बघत होते. खैरलांजीहून कोणी त्यांच्याकडे क्षमा मागायला आल्याचे आमच्या तरी ऐकिवात नाही.

टपरीवरचे ते गृहस्थ पुन्हा भेटतील. सोमवारी आम्ही कोळगावला जातो आहोत, जुनाच अर्ज घेऊन. तो तरुणही बरोबर येतो आहे.